स्नोड्रॉप आणि पळस

युरोपात हिवाळा सरत असता, बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच, एक लहानसे पांढरे फूल मान खाली घालून उमलते. इंग्रजीत त्यास 'स्नोड्रॉप' म्हणतात. लिनियसने १७५३ साली त्याची नोंद 'गॅलँथस निव्हॅलिस' या नावाने केली. ग्रीक भाषेत 'गाला' म्हणजे दूध, 'अँथॉस' म्हणजे फूल. लॅटिन 'निव्हॅलिस' म्हणजे हिमाचे. फुलाचा रंग व ऋतू दोन्ही नावातच आले.

जबलपूरच्या ओमती भागातील विद्यार्थ्यास हे फूल पाहावयास मिळणार नाही. त्या प्रदेशात वसंताची वर्दी पळस देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. हिंदीत हाच टेसू. फुलाची पाकळी राघूच्या चोचीसारखी बाकदार. म्हणून संस्कृतात 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', अशी परंपरागत व्युत्पत्ती सांगतात.

पळसाचे शास्त्रीय नाव 'ब्यूटिया मोनोस्पर्मा'. पहिला शब्द वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते, ब्यूटचे तिसरे अर्ल जॉन स्टुअर्ट यांच्या गौरवार्थ योजलेला. त्यावरून झाडाविषयी काहीच कळत नाही. दुसऱ्याचा अर्थ 'एकच बी असलेला'. चपट्या शेंगेच्या टोकाशी ते बी असते. 'पळसाला पाने तीनच' या म्हणीतही त्रिदल पानाचे अचूक निरीक्षण आहे.

शास्त्रीय नावामुळे सर्व देशांच्या अभ्यासकांस एकच वनस्पती निश्चित ओळखता येते. लोकांनी दिलेल्या नावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. ती विसरली गेली, तर ते निरीक्षणही हरवते. म्हणून विद्यार्थ्यांनी दोन्ही नावे शिकावीत आणि पळसाची पाने, फूल व शेंग हाती घेऊन ती पडताळून पाहावीत.