मजकूर आधी, साधन मागून

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि २०२३ साली त्यांचा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीचा कारभार हिंदीत, पण संत्र्याच्या बागेतली बोली मराठीच. आंबिया बहार, मृग बहार, ताण, पन्हेरी, डिंक्या, कोळशी हे वरूड-मोर्शीकडचे शब्द आमच्या तिगावातही तसेच चालतात. जुन्या बागायतदारांच्या वह्यांमध्ये याच शब्दांत वर्षानुवर्षांच्या नोंदी पडून आहेत. त्या मोबाइलवर कुणालाही वाचता याव्यात म्हणून आम्ही काही जणांनी हे काम हाती घेतलं. असं काम गावोगावी व्हावं असं मला मनापासून वाटतं. आम्हाला काय भोवलं ते त्यासाठीच सांगतो आहे.

पहिली वेबसाइट पैसे देऊन करून घेतली होती. दिसायला छान होती, पण सगळा मजकूर करून देणाऱ्याच्या डेटाबेसमध्ये होता. पुढं व्यवहार तुटला, साइट बंद पडली आणि मजकूर परत मिळाला नाही. वह्या घरात होत्या म्हणून निभावलं.

दुसऱ्यांदा मार्कडाउनचा रस्ता धरला. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली. साध्या मजकुराच्या फायलीत शीर्षकाआधी एक खूण, ठळक शब्दाभोवती तारे, एवढंच शिकावं लागतं. मग जेकिल किंवा ह्यूगोसारखं साधन घ्यायचं, कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची, की सगळ्या फायलींची तयार पानं होतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांचं जेकिल २००८ मधलं, स्टीव्ह फ्रान्सिया यांचं ह्यूगो २०१३ मधलं, आणि दोन्ही फुकट. या पानांना डेटाबेस लागत नाही, रेंज कमी असली तरी ती पटकन उघडतात, आणि गिटहब पेजेससारख्या ठिकाणी बिनपैशात ठेवता येतात. आमच्यासारख्यांना यापेक्षा सोयीचं काही नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

अडचण मराठीपासूनच सुरू होते. आमच्याकडचा टाइप केलेला बराच मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये होता. अशी फाइल साध्या एडिटरात उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत खरोखर तीच अक्षरं असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. युनिकोडमध्ये बदलून घेताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार सरकतात. ‘सुकणाऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. म्हणून सगळ्या फायलींत एकच तऱ्हा ठेवा.

अंकांचंही तसंच आहे. १., २., ३. असे देवनागरी अंक घालून पायऱ्या लिहिल्या तर मार्कडाउन त्यांना यादी मानत नाही. ओळीही सलग जोडल्या जातात आणि खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टची कृती एक लांबच लांब परिच्छेद होऊन बसते. यादीला इंग्रजी अंकच लागतात, फाइलीच्या माथ्यावरच्या तारखेलाही. त्याच माथ्यावरच्या शीर्षकात ‘आंबिया बहार: ताण कधी द्यावा’ असा विसर्गासारखा अपूर्णविराम आला, तर अख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर ह्यूगोत पानांची बांधणी तिथंच थांबते. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्याचाही एक फटका आहे. ठळक केलेला मजकूर कंसावर संपला आणि लगेच ‘ला’ किंवा ‘चा’ जोडला, तर ह्यूगोत तारे जसेच्या तसे पानावर उमटतात. अशा वेळी कंस ताऱ्यांच्या बाहेर ठेवावा.

हे सगळं दुरुस्त होतं. खरं नुकसान वेगळ्याच गोष्टीनं केलं, आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. साइट देखणी व्हावी म्हणून आम्ही इंटरनेटवरून एक तयार थीम घेतली. तिच्यात चौकटी, फोटोंच्या रांगा, रंगीत सूचना यांसाठी खास महिरपी कंसांतल्या खुणा होत्या. त्या आम्ही फायलीफायलींत पेरल्या. कालांतरानं त्या थीमची देखभाल थांबली, साधनाची नवी आवृत्ती तिला चालेना, आणि त्या खुणा दुसऱ्या कुठल्याच साधनाला कळेनात. प्रत्येक फाइल उघडून हातानं साफ करावी लागली. हे फक्त थीमपुरतं नाही. ह्यूगोनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ०.६० आवृत्तीत मार्कडाउन वाचणारा आतला भाग बदलला, आणि मजकुरात घातलेलं थेट एचटीएमएल मूळ सेटिंगमध्ये वगळलं जाऊ लागलं. ज्यांनी तक्ते त्या पद्धतीनं घातले होते, त्यांची पानं तयार व्हायची, पण तक्ता गायब. त्यामागं सुरक्षिततेचं कारण होतं आणि सेटिंग बदलून तो परतही आणता येतो, पण तो गेला आहे हे आधी कुणाच्या तरी नजरेला पडायला हवं.

पन्हेरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट रंगपूर लाइमचा घेतला तरी फळ डोळ्याचंच येतं. मजकूर आणि साधन यांचं नातं तसं ठेवा. फाइलीत मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे आणि फोटो एवढंच असू द्या. सजावट सगळी थीमकडे. मग उद्या जेकिल सोडून दुसरं काही घ्यावंसं वाटलं तर फायली उचलायच्या आणि निघायचं. ज्या आवृत्तीवर साइट नीट चालते तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि नवी आवृत्ती आधी नकलेवर चालवून पाहा.

फोटोंच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं मिसळू नका. विंडोजवर फोटो दिसतो, सर्व्हरवर दिसत नाही. कुणाचा मोबाइल नंबर चुकूनही फाइलीत घालू नका. फायलींतले बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या जुन्या इतिहासात तो पुसल्यावरही सापडतो. साइटची एक प्रत पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर ह्यूगोत सापेक्ष दुव्यांची सोय आहे, इंटरनेटशिवायही पानं उघडतात. जिथं रेंज पोचत नाही त्या मळ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

आणखी एक. ह्यूगो पानं बांधताना तयार पानांचा फोल्डर आपणहून रिकामा करत नाही. मूळ फाइल काढून टाकली तरी तिचं जुनं पान तिथंच राहतं आणि पुन्हा वर चढवलं जातं. गोष्ट किंवा कविता असती तर चाललं असतं. पण मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे बोर्डो पेस्टचं प्रमाण जुन्या पानावर चुकलेलं राहिलं, तर कुणीतरी तेच वाचून खोडाला लावेल. म्हणून बांधणीआधी तो फोल्डर रिकामा करा. मात्रा असलेलं प्रत्येक पान वर चढल्यावर मोबाइलवर उघडा, मूळ वही शेजारी ठेवा, आणि ज्याची वही आहे त्याच्याकडूनच आकडे वाचून घ्या.