पोलिसी मालिका आणि लहान मुले

रात्रीच्या जेवणाच्या वेळी बहुतेक घरांत टीव्ही सुरू असतो. मोठी माणसे गुन्ह्यांची मालिका पाहतात आणि पाच-सहा वर्षांचे मूल तेथेच ताट घेऊन बसते. २००३ साली सुरू झालेली ‘क्राइम पेट्रोल’ व २०१२ मधील ‘सावधान इंडिया’ यांचे जुने भाग आता मोबाइलवरही केव्हाही पाहता येतात. ‘त्याला काय कळतंय?’ असे पालक म्हणतात. मुलाला कथानक कळत नाही, भीती मात्र कळते.

या मालिकांत खऱ्या गुन्ह्यांचे नाट्यरूप दाखवितात. पडद्यावर नट आहेत, हे आपणांस ठाऊक असते. साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना हा फरक नीट करता येत नाही. शिवाय येथील गुन्हेगार राक्षस नसून काका, शेजारी किंवा रिक्षावाला असतो. तशी माणसे मुलाला रोज भेटतात. त्यामुळे मालिका संपली तरी भीती उरते.

मुले पाहिलेले करूनही बघतात. अमेरिकेत १९६१ साली बांडुरा यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीस मारताना ज्यांनी पाहिले, त्यांपैकी अनेकांनी तसेच मारले.

लक्षणे : रात्री दचकून उठणे, एकट्याने शौचास न जाणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. मात्र सारा दोष टीव्हीला देऊ नये. अंथरूण पुन्हा ओले होऊ लागल्यास लघवीतील जंतुसंसर्ग व साखर तपासून घ्यावी.

काय करावे?

१) आठ वर्षांखालील मुलांसमोर अशा मालिका लावूच नयेत.

२) नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनाही शक्यतो दाखवू नयेत. पाहण्यात आल्यास त्याविषयी मोकळेपणे बोलावे.

३) तेरा वर्षांपुढे सोबत बसून पाहावे. ‘हा माणूस कसा फसला? मदत कोणाकडे मागता आली असती?’ असे विचारावे.

४) झोपण्यापूर्वी एक तास टीव्ही व मोबाइल दोन्ही बंद ठेवावेत.

५) घाबरलेल्या मुलास हसू नये. जवळ घेऊन ऐकावे. दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक सवय सोडावी. घास भरविताना आपण ‘पोलीस धरून नेईल’ असा धाक घालतो आणि पडद्यावरची मारझोड त्यात भर घालते. महाशिवरात्रीला येथे घृष्णेश्वराच्या दर्शनास मोठी गर्दी होते. त्या गर्दीत चुकलेल्या मुलाने पोलिसाकडेच धाव घ्यायला हवी. ते पोलीस पाहून लपले, तर मोठाच धोका. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या सप्ताहात शाळकरी मुलांना पोलीस ठाणे दाखवितात, तेथे मुलास अवश्य पाठवावे. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक पाठ करून घ्यावेत. सावधपणा शिकविण्यास एवढे पुरेसे आहे. त्यासाठी खुनाची मालिका दाखविण्याची गरज नाही.