सौरवारा आणि गुरूचे चुंबकीय कवच



सूर्य आपल्याला प्रकाश आणि उष्णता देतो, हे सर्वांना माहीत आहे. पण सूर्यातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन अशा विद्युतभारित कणांचा प्रवाहही सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. या वेगाने त्याला पृथ्वीपर्यंत यायला सुमारे चार दिवस आणि गुरूपर्यंत जायला सुमारे तीन आठवडे लागतात.

पावसाळ्यात दमणगंगेचे पाणी पुलाच्या खांबाला आपटून दोन्ही बाजूंनी वळते व मागे लांब पट्टा उमटतो. चुंबकीय क्षेत्र असलेल्या ग्रहापुढे सौरवाऱ्याचेही तसेच होते. पृथ्वीचे कवच सूर्याच्या बाजूला सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत असते आणि मागे त्याची लांब शेपटी तयार होते.

सौर वादळ आले की हे कवच हादरते. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटल्याची नोंद झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमाप बिघडू नये यासाठी, १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. मार्च १९८९ च्या सौर वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद होती. आपल्या कारखान्यांच्या परिसरात असे झाले तर काय होईल, याचा विचार करा.

आता गुरूकडे वळू. त्याची चुंबकीय शक्ती पृथ्वीच्या सुमारे २०,००० पट आहे. शिवाय गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट दूर असल्यामुळे तेथे सौरवारा सुमारे २७ पट विरळ होतो. म्हणून गुरूचे कवच सूर्याच्या बाजूलाच ३० ते ७० लाख किलोमीटर पसरते. सौरवाऱ्याचा दाब वाढला की ते आकसते, कमी झाला की फुगते. त्याची शेपटी शनीच्या कक्षेपर्यंत पोहोचते. हे कवच डोळ्यांना दिसले असते, तर आकाशात पूर्ण चंद्रापेक्षा मोठे भासले असते.

मुख्य फरक मात्र आकाराचा नाही. पृथ्वीच्या कवचातील उलथापालथ मुख्यतः सौरवारा घडवतो. गुरू दहा तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या आयो या उपग्रहावरून सेकंदाला सुमारे एक टन पदार्थ या कवचात येतो. तो पदार्थ गुरूबरोबर गरगर फिरतो. त्यामुळे तेथील हालचालींना लागणारी बरीचशी ऊर्जा गुरू स्वतःच पुरवतो. जुलै २०१६ मध्ये गुरूजवळ पोहोचलेल्या जुनो यानाने याचा जवळून अभ्यास केला आहे.

कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांना सौरवारा हा शब्दही ठाऊक नव्हता. तरी त्यांनी नेमाने नोंदी ठेवल्या, म्हणूनच त्या आजही उपयोगी पडतात. पालकांनी मुलांना गुण विचारावेतच, पण “आज काय पाहिले, काय नोंदवले?” हेही विचारावे.

स्वाध्याय :
१. सौरवाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर तो पृथ्वीवर किती दिवसांत पोहोचेल?
२. पृथ्वी आणि गुरू यांच्या चुंबकीय कवचांतील तीन फरक लिहा.

— मुख्याध्यापक