फॉस्फेटचा मीडिया घेताय? आधी टेस्ट किट घ्या

खाऱ्या पाण्याच्या टाकीत काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवी, खडकांवर केसाळ शेवाळ, कोरल मलूल. दुकानात जाल तर काउंटरवर लगेच ‘फॉस्फेट रिमूव्हर’चा डबा येईल. तो तिथेच राहू द्या. तुमचा पहिला खर्च पाण्यातलं फॉस्फेट मोजणाऱ्या टेस्टचा.

टेस्ट कुठली घ्यायची, हेही बघून घ्या. एपीआयच्या नेहमीच्या किटवर शून्यानंतरची पुढची खूण थेट ०.२५ पीपीएमची असते. कोरलच्या टाकीत तुम्हाला साधारण ०.०३ ते ०.१ हा पट्टा ओळखायचा असतो. त्या किटवर तो दिसतच नाही. सॅलिफर्टच्या किटवर ०.०३ आणि ०.१ च्या खुणा आहेत, मात्र फिका निळा रंग उजेडात नीट बघावा लागतो. हॅनाचा डिजिटल चेकर सोपा, पण महाग. त्यातही दोन प्रकार आहेत. एक थेट फॉस्फेट पीपीएममध्ये दाखवतो. दुसरा फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतो, त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. म्हणजे १० आलं तर फॉस्फेट ०.०३. चेकरची किंमत विचारताना रिएजंटच्या पुड्यांचीही विचारा; त्या कायम लागतात. मुदत बघूनच घ्या, जुना साठा स्वस्तात खपवला जातो.

टाकीत फक्त मासे असतील आणि आकडा ०.५ आला, तरी माशांचं त्याने काही बिघडत नाही. शेवाळ खरवडा, पाणी बदला, पैसे वाचवा. कोरल असतील आणि आकडा ०.१ च्या वर टिकून राहत असेल, तरच पुढे वाचा.

फॉस्फेट शोषणाऱ्या मीडियाचे मुख्य प्रकार दोन. लोहाचा, म्हणजे जीएफओ: तपकिरी दाणे, फॉस्फेट ओढण्यात जोरदार, सोबत सिलिकेटही काढतो. तोटा म्हणजे गंजासारखी धूळ; वापरण्याआधी आरओच्या पाण्यात धुवा, नाहीतर टाकी लाल होईल. दुसरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा: पांढऱ्या गोळ्या, जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, ठेवल्या की झालं. त्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, घुसळू नका, एकमेकींवर घासून भुकटी होते. लेदरसारखे मऊ कोरल या मीडियाने मिटून बसतात, अशी बऱ्याच हौशींची तक्रार आहे. तुमच्याकडे ते असतील तर लोहाचाच घ्या.

किती घालायचा? डब्यावरचं प्रमाण पाण्याच्या लिटरवर असतं, काचेच्या मापावर नाही. ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी कागदावर १९१ लिटरची. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी भरतं साधारण १६० लिटर. त्या हिशोबाने येणाऱ्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि तीन दिवसांनी मोजा. फॉस्फेट एकदम खाली आणलं तर कोरलच मरू शकतात. शून्यावर नेलं तर डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी चिकट थर येऊ शकतो, आणि तो घालवणं शेवाळापेक्षा कठीण.

डब्याच्या किमतीवर जाऊ नका, आठवड्याचा खर्च काढा. समजा ५०० ग्रॅमचा एक डबा ३,००० रुपयांना आहे. एका वेळी ६० ग्रॅम लागतो, पाच आठवडे चालतो. आठवड्याला ७२ रुपये. दुसरा तेवढाच डबा १,५०० ला, पण लागतो १२० ग्रॅम आणि दोन आठवड्यांत संपतो. आठवड्याला १८०. स्वस्त कुठला, ते तुम्हीच बघा.

रिअॅक्टर घ्यायलाच हवा असं नाही. घेतलात तर पंप, नळी, स्पंज हे बहुतेक वेळा वेगळे मोजावे लागतात. १० वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला ७ युनिटच्या आसपास वीज. लहान टाकीला जाळीची पिशवी पुरते; फक्त ती पाणी जोरात वाहतं तिथे ठेवा.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून घ्या किंवा ऑनलाइन, सुटा मीडिया घेऊ नका. साध्या पिशवीतले तपकिरी दाणे कुठले, किती जुने, काही कळत नाही. आयात केलेल्या बंद डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असलीच पाहिजे. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. वर ‘जीएसटी एक्स्ट्रा’ म्हटलं तर देऊ नका. बिल घ्या. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता जिथून फॉस्फेट येतं तिथे बघा, कारण खरी बचत तिथेच आहे. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस धरला तर एका ग्रॅममधून ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येतं. १६० लिटरमध्ये जवळपास ०.२ पीपीएम. काही भाग माशांच्या अंगी लागतो, उरलेला पाण्यात. चिमूट लहान करा. फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन घाला. घरच्या प्यायच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणजे नळाचं पाणीच टाकीत जातं. ती सोय नसलेला आरओ आणि पुढे डीआय रेझिन लागतं. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा विचार असेल तर त्या समुद्रात सांडपाणीही येतं, हे लक्षात ठेवा. फिल्टरमध्ये घालायचे काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. बादलीभर आरओच्या पाण्यात एक दिवस बुडवून टेस्ट करा.

फॉस्फेट काढायला लँथनम क्लोराइड सगळ्यात स्वस्त, म्हणून कोणीतरी सुचवेलच. त्याचा बारीक गाळ माशांच्या कल्ल्यांत अडकतो. टँगसारखे मासे त्याने मेल्याचं हौशी सांगतात. दहा मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये थेंबथेंब सोडता येत नसेल तर नाद सोडा. वापरलेला जीएफओ कॉस्टिक सोड्यात धुऊन पुन्हा वापरणं तर घरी करूच नका. डोळ्यांची किंमत मीडियापेक्षा जास्त आहे.

बदलायचा कधी? रिअॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी आणि टाकीतलं पाणी, दोन्ही मोजा. आकडा सारखाच आला तर मीडिया संपला. नवा घातल्यावरही पहिले काही आठवडे फॉस्फेट पुन्हा वर येईल, कारण खडकांत साठलेलं हळूहळू सुटतं. तेव्हा घाबरून दुप्पट मात्रा घालू नका. तेवढ्याच मात्रेची दुसरी भरणी घाला आणि आठवड्याने मोजा.