गप्प बसलेलं कनेक्शन

बिबवेवाडी, पुणे ४११०३७

चि. भाचीस,

जेवून येईपर्यंत ऑफिसच्या डेटाबेसचं कनेक्शन तुटलेलं असतं, म्हणून तू घरचा राउटर बदलायला निघाली आहेस. जरा थांब. लाइन खराब असती तर त्याच वेळी चालू असलेली मीटिंगही पडली असती. महावितरणने दोन सेकंद वीज घालवली की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण मग घरातलं सगळंच एकदम तुटतं. तुझ्याकडे तुटतं ते फक्त गप्प बसलेलं कनेक्शन. तेव्हा दोष वेगाचा नाही आणि वायफायचाही नाही. वाटेतलं कुठलं तरी यंत्र ठरावीक शांततेनंतर त्याची नोंद पुसून टाकतं. ते यंत्र कोणतं हे कळल्याशिवाय खर्च करणं म्हणजे निदानाआधी औषध.

घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर मिळून एकच पत्ता असतो. आलेलं पॅकेट कोणाचं, हे राउटर आपल्या टेबलात पाहून ठरवतो, सोसायटीचा वॉचमन वहीत पाहून ठरवतो तसं. आयपीव्ही-४ चे पत्ते संपत आले, आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा तर एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनीही आपल्याकडे अशीच आणखी एक वही ठेवली. वहीची पानं मोजकी, म्हणून गप्प असलेल्यांची नावं आधी खोडली जातात. २००८ च्या आरएफसी ५३८२ प्रमाणे जोडलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवायला हवी. हा आकडा असा विचित्र का? कारण टीसीपीचा कीप-अलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शनवर ‘आहेस ना?’ अशी मारलेली छोटी हाक, मुळात २ तासांनी जागा होतो. तो १९८९ चा नियम. पण पाळतो कोण! अझूरच्या लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ४ मिनिटांची आहे आणि एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेची ३५० सेकंदांची. अझूरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यातच आहे, तरी बिबवेवाडीतून तिथे जोडलेलं कनेक्शन लोड बॅलन्सरमागे असेल तर याच मर्यादेत सापडतं. अंतराचा इथे संबंध नाही.

तू म्हणशील, डेटाबेसच तोडत असेल, सर्व्हरचा टाइमआउट वाढवून घेऊ. मायएसक्यूएलचा वेट-टाइमआउट मुळात २८,८०० सेकंदांचा, म्हणजे ८ तासांचा. कोणी मुद्दाम कमी केला नसेल तर तुझं जेवण इतकं लांबत नाही. पोस्टग्रेसमध्ये रिकामं सेशन तोडणारी सेटिंग आवृत्ती १४ पासून आहे, पण ती मुळात बंद असते आणि तोडलंच तर लॉगमध्ये कारण लिहिते. तरी शंका उरली तर कीप-अलाइव्ह बंद ठेवून पीजी-स्लीपला १० मिनिटं झोपायला सांग. सर्व्हरच्या लेखी तू त्या वेळी कामात असतेस, त्यामुळे रिकाम्या सेशनचा नियम लागू होत नाही. तारेवर मात्र पूर्ण शांतता असते. स्टेटमेंट टाइमआउट आड आला तर सर्व्हर तसं स्पष्ट सांगेल. पण १० मिनिटं उलटूनही उत्तरच आलं नाही, तर गुन्हेगार मधला आहे. मोठा रिपोर्ट २० मिनिटं चालून मुकाट लटकतो, त्याचंही कारण बहुधा हेच. मग झोपेची मिनिटं कमी-जास्त करून कितीला तुटतं ते शोध, आणि हाच प्रयोग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कर. दोन्हीकडे तेवढ्याच मिनिटांनी तुटलं तर घराची वाट बहुतेक निर्दोष, दोष ऑफिसच्या किंवा क्लाउडच्या बाजूचा. व्हीपीएन चालू असेल तर घरच्या राउटरला आतलं कनेक्शन दिसतच नाही. तो तोडेल तर अख्खा बोगदा तोडेल.

उपाय तुझ्याच हातात आहे. पोस्टग्रेसच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कीप-अलाइव्हचा काळ ६० सेकंद ठेव; डीबीव्हरमध्येही तशी सेटिंग आहे. एसएसएचच्या बोगद्यातून जात असशील तर मात्र हे फुकट, कारण डेटाबेसचं टीसीपी कनेक्शन तुझ्या लॅपटॉपवरच संपतं. तिथे सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल लावावा लागतो. यावर जुना आक्षेप १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्येच नोंदला आहे: नेटवर्क क्षणभर अडखळलं तर कीप-अलाइव्ह चांगलं कनेक्शनही मारेल, आणि वर पॅकेटचा खर्च. मिनिटाला एका छोट्या पॅकेटचा खर्च आज कोणी मोजत नाही. पहिला मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून एका हाकेला उत्तर नाही आलं की लगेच तोडू नये, पाच-सहा हाका माराव्यात.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. कनेक्शन जगवायची सोय झाली की माणूस ट्रान्झॅक्शन उघडं टाकून उठतो. तुटणाऱ्या कनेक्शनमुळे उशिरा का होईना ते मोडतं. जगवलेल्यामुळे तासन्‌तास लॉक धरून बसतं, आणि पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी काढता येत नाहीत. शिवाय कितीही हाका मारल्या तरी एखादं कनेक्शन तुटणारच, म्हणून तुझ्या प्रोग्रॅममध्ये पूलमधून कनेक्शन घेताना ते जिवंत आहे का हे तपासून घे. पुन्हा जोडणं जमलं तरी अर्धवट राहिलेला व्यवहार आपोआप पुन्हा चालवू नकोस. तो पहिल्या खेपेला पूर्ण झाला होता का, हे आधी पाहा.

राउटरची ऑर्डर दिली असशील तर रद्द कर. स्लीपचा प्रयोग घरच्या लाइनवर आणि हॉटस्पॉटवर, दोन्हीकडे कर आणि किती मिनिटांनी तुटतं ते मला कळव.

तुझा
मामा