मुरूड व फणसाडचे अरण्य : यात्रेकरूंसाठी परिचय

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे ५० कि.मी. अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाड्यांत मुरूड हे लहानसे नगर वसले आहे. बहुतेक भाविक देवदर्शन घेऊन व जंजिरा पाहून परततात. तथापि फणसाडचे अरण्य पाहिल्यावाचून या प्रदेशाचा परिचय अपुराच राहतो, असे आमचे मत आहे.

हे पूर्वी जंजिरा संस्थानच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान. शिकारीसाठी का होईना, कुऱ्हाड दूर राहिली व जुनी झाडे टिकली. १९८६ साली यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. राज्यप्राणी शेकरू येथे उंच वृक्षांवर घरटी बांधतो. येथील पाणवठ्यांस ‘गाण’ म्हणतात. ऐन वैशाखात वन्यजीवांस त्यांचाच आधार असतो. गारंबीची महावेल मात्र खरे नवल. तिच्या शेंगा दोन हातांहूनही लांब वाढतात आणि कठीण बिया ओढ्यावाटे सागरास मिळाल्यास महिनोन् महिने तरंगू शकतात. अशी तपकिरी, गुळगुळीत बी मोहात पाडते; तरीही ती उचलून नेऊ नये.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील असंख्य वृक्ष उन्मळले. वाडीत पोफळ पुन्हा लावता येते. गारंबीने वेढलेला वृद्ध वृक्ष एका पिढीत उभा राहत नाही. म्हणून वृक्षारोपणासाठी देणगी देणाऱ्यांनी शोभेच्या परदेशी झाडांऐवजी उंडी, सुरंगी, बकुळ अशा स्थानिक वृक्षांचाच आग्रह धरावा.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनेच जावे. वानरांस प्रसाद वा फराळ घालू नये, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आपल्यासोबत परत आणाव्यात.