तळ्याकाठचा रविवार : पक्षिनिरीक्षणाचा एक पाठ



वर्गात आम्ही फळ्यावर ‘स्थलांतर’ हा शब्द लिहितो, त्याची व्याख्या सांगतो आणि मुले ती पाठ करतात. पण इंदुरात राहणाऱ्या मुलाला हा शब्द प्रत्यक्ष उडताना पाहता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर आशिया, तिबेट, लडाख अशा दूरच्या प्रदेशांतून बदके आणि इतर पाणपक्षी माळव्यातील तळ्यांवर मुक्कामाला येतात. त्यांना भेटायला ना मोठा खर्च लागतो, ना लांबचा प्रवास. एक रविवार सकाळ आणि घरातील सर्वांची थोडी तयारी एवढे पुरे. म्हणून हा पाठ कुटुंबाने मिळून करायचा आहे.

आपली दोन तळी

पहिले तळे म्हणजे धार रस्त्यावरील सिरपूर तलाव. विसाव्या शतकाच्या प्रारंभी होळकर संस्थानाने तो बांधविला. तो उथळ आहे, भर पावसाळ्यातही पाणी साधारण २ मीटरच चढते. हा उथळपणाच पक्ष्यांच्या सोयीचा आहे. लांब पायांचे पक्षी काठाच्या पाण्यात उभे राहून चरतात, बदके मान बुडवून तळाशी पोचतात.

दुसरे तळे यशवंतसागर. होळकरांच्याच काळात गंभीर नदीवर बांध घालून ते तयार झाले व इंदूरला पिण्याचे पाणी देऊ लागले. त्याच्या आसपासच्या ओल्या शेतांत सारस पक्षी राहतो. सारस हा जगातील सर्वांत उंच उडणारा पक्षी, उभा राहिला तर मोठ्या माणसाच्या उंचीचा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागात, तोही फार थोडा उरला आहे. पुण्या-मुंबईच्या आपल्या भावंडांना त्यासाठी मोठा प्रवास करावा लागतो, आपल्याला तासाभराचा.

ही दोन्ही तळी २०२२ साली रामसर यादीत आली. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणमधील रामसर या गावी झाला, त्यावरून हे नाव. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पाणथळ जागा सांभाळणाऱ्या शहरांच्या जागतिक यादीत इंदूर व उदयपूर ही भारतातील पहिली दोन शहरे ठरली.

हा मान आपोआप मिळालेला नाही. सिरपूरवर अतिक्रमण, सांडपाणी, कचरा सगळे संकट येऊन गेले. आपल्याच शहरातील छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे या तळ्यासाठी धडपडले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे. तळे राजाने बांधले, पण ते वाचविले नागरिकांनी.

कसे पाहावे?

१. सूर्योदयाच्या सुमारास काठावर पोचावे. पोहे-जिलबी नऊ वाजताही मिळते, पक्षी मात्र ऊन चढले की शांत होतात.

२. कपडे मळकट, खाकी किंवा हिरवे असावेत. लाल, पांढरे, चमकदार नकोत.

३. घरात एक दुर्बीण असली तरी चालते, पाळीपाळीने पाहावे. दुर्बीण नसल्यास नुसत्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसते.

४. आधी नाव विचारू नये. आधी आकार, चोच, पाय, रंग आणि पक्षी काय करतो आहे हे वहीत लिहावे. नाव त्यानंतर.

५. वहीत तारीख, वेळ, ठिकाण व संख्या लिहायलाच हवी. तारखेशिवायची नोंद पुढे उपयोगी पडत नाही.

ओळख करून घ्या

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून आम्ही दोन्ही नावे देत आहोत. आपली मुले दोन्ही भाषांत वाढतात, ती त्यांची श्रीमंतीच आहे.

*टिबुकली* (हिंदीत पनडुब्बी) : मुठीएवढी दिसते, क्षणात बुडते आणि भलत्याच जागी वर येते.

*पाणकावळा* (पनकौआ) : पंख पसरून बसलेला असतो. त्याची पिसे भिजतात, म्हणून ती तो वाळवतो.

*हळदी-कुंकू बदक* (गुगरल) : चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा, मुळाशी कुंकवाचे लाल ठिपके. हा आपल्याकडे राहणारा पक्षी, पाहुणा नव्हे.

*वारकरी* (टिकरी) : काळा देह, कपाळावर पांढरा टिळा, आणि बहुधा समूहात.

*वंचक* (अंधा बगुला) : काठावर मातकट रंगाचा, उडाला की एकदम पांढरा. मराठीने त्याला फसविणारा म्हटले, हिंदीने आंधळा. एकच पक्षी, दोन भाषांचे दोन स्वभाव.

*चक्रवाक* (सुर्खाब) : नारिंगी रंगाचा हिवाळी पाहुणा. हिंदीत गर्विष्ठ माणसाला ‘क्या सुर्खाब के पर लगे हैं?’ असे विचारतात, तो हाच.

*थापट्या* (तिदारी) : फावड्यासारखी चपटी चोच. हाही पाहुणा.

नावे का जपायची?

पालकांनी यावर थोडा विचार करावा. आपल्या घरांतील मराठी हळूहळू स्वयंपाकघर, नातीगोती आणि सणवार एवढ्यापुरती उरत आहे. दाराबाहेर हिंदी, वहीत इंग्रजी. आकाश, पाणी, झाड, पक्षी यांच्यासाठी मुलाजवळ मराठी शब्द नसेल, तर ती भाषा त्याला फक्त घराच्या आतली वाटेल. ‘हळदी-कुंकू’ हे नाव ज्याने ठेवले त्याने बदकाकडे नीट पाहिले होते. ते नाव शिकताना मूल भाषाही शिकते आणि पाहायलाही शिकते.

मारुती चितमपल्ली यांनी महाराष्ट्राच्या वनखात्यात नोकरी करताना जंगलातील माणसांकडून अशी नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ लिहिला. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. आपणही आपल्या घरी तो साजरा करू शकतो.

आपले कर्तव्य

पक्ष्यांना पाव, बिस्किटे, शेव टाकू नये. ते त्यांचे अन्न नाही, आणि उरलेले पाण्यात कुजते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, तो शत्रू आला समजून अस्वस्थ होतो. घरट्याच्या जवळ जाऊ नये. संक्रांतीला चिनी मांजा वापरू नये. झाडांत अडकलेला तो दोरा महिनोन् महिने कुजत नाही आणि पंख कापतो. डब्यासोबत एक रिकामी पिशवी न्यावी व आपला कचरा घरी आणावा.

स्वाध्याय

१. एका जागी १५ मिनिटे न बोलता बसा. दिसलेल्या पक्ष्यांची यादी संख्येसह करा.

२. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी अंगणात कोणते पक्षी येत? त्यांतील आज कोणते दिसत नाहीत?

३. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज. त्याचे मराठी नाव शोधा आणि ते का पडले असेल ते पाच ओळींत लिहा.

४. एका बदकाचे चित्र काढा. चोच आणि पाय नीट पाहूनच काढा, छायाचित्रावरून नको.

वह्या २ फेब्रुवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. तो जागतिक पाणथळ दिवस आहे. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की त्यांनीही एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन यावे. मुले आपण सांगितलेले विसरतात, पण आपल्यासोबत पाहिलेले विसरत नाहीत.

आपली,
मुख्याध्यापिका